धुराचे शुद्धीकरण की नफ्याचे संरक्षण?

जयपूरच्या तटबंदीबाहेरील राजा पार्क ही वस्ती फाळणीनंतर पंजाब व सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांनी उभी केली. आज तेथील पंचवटी सर्कलच्या परिसरात कापडाची दुकाने, उपाहारगृहे आणि कॅफे यांची दाटी आहे. हा बाजार चालतो तो सकाळी शटर उचलणाऱ्या आणि रात्री अखेरचे टेबल पुसणाऱ्या नोकरांच्या श्रमावर. या नोकराने कामाच्या जागी कोणती हवा श्वासात घ्यावी, हे कोण ठरवितो? तो स्वतः तर खासच नाही. ते ठरवितो मालक. मालकाला मुभा देतो कायदा. आणि त्या मुभेला शास्त्राचा मुलामा चढवितो यंत्रांचा विक्रेता. सिगारेटचा धूर यंत्राने गाळून हवा निर्मळ करता येते, असे आश्वासन हे तिघे मिळून देतात. ते आश्वासन खोटे आहे.

राजस्थानच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे घरोघरी दिसणारा कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि समोरची खिडकी उघडी असल्याखेरीज नीट काम देत नाही. म्हणजे थंडाव्याबरोबर खोलीतील हवाही पालटते. भिंतीवरील वातानुकूलन यंत्राची रीत याच्या नेमकी उलट. ते खोलीतलीच हवा पुनःपुन्हा फिरवून थंड करते आणि त्यासाठी दारे-खिडक्या मिटून घ्याव्या लागतात. अशा बंद दालनात एकाने सिगारेट पेटविली की तिचा धूर सर्वांच्या वाट्याला येतो. मग कोपऱ्यात एक शुद्धीकरण यंत्र आणून ठेवले जाते, त्यावर हिरवा दिवा लागतो आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते.

यंत्राची धाव कोठवर?

सिगारेटचा धूर म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारा निळसर पडदा नव्हे. त्यात ७,००० हून अधिक रसायने असून त्यांपैकी किमान ७० कर्करोगाला कारण होतात. त्यातील काही भाग सूक्ष्म कणांच्या रूपात असतो, तर काही वायुरूपात. उत्तम प्रतीची हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते, हे खरे. परंतु तिच्यातून जाते तेवढ्याच हवेपुरते ते खरे. जळत्या सिगारेटच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात धूर शिरतो तो गाळणीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच.

शिवाय वायूंना ही गाळणी अडवीतच नाही. कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन, बेंझीन, अमोनिया हे सारे तिच्यातून सुखेनैव निघून जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाचा थर बसविला जातो. बेंझीनसारख्या बाष्पांना तो आपल्या पृष्ठभागावर काही काळ धरून ठेवतो. फॉर्माल्डिहाइड व अमोनिया यांच्यापुढे साधा कोळसा दुबळा ठरतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्याला दादच देत नाही. थर भरला की त्याची शक्ती संपते. उष्मा वा दमटपणा वाढला तर धरून ठेवलेले वायू तो पुन्हा हवेत सोडूही लागतो. हा थर वेळच्या वेळी बदलला की नाही, हे वाढप्याला कळावे कसे? ओझोन सोडणारी यंत्रे तर उपायाच्या नावाने दुसरा अपाय घडवितात. ओझोन स्वतःच फुप्फुसांना बाधक आहे, आणि धुरातील द्रव्यांशी संयोग पावून तो नवे घातक पदार्थ निर्माण करतो. वास मात्र दबतो. आणि ग्राहकाला तेवढेच कळते.

एवढ्यानेही कथा संपत नाही. निकोटिन पडदे, गाद्या व भिंती यांवर बसते आणि नंतर हळूहळू हवेत परतते. हवेतील नायट्रस आम्लाशी त्याची क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात, हे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. म्हणजे धूर विरला तरी खोली निर्दोष होत नाही.

मग वायुवीजन वाढवावे काय? घरातील हवेतील धुराचा अभ्यास करणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेम्स रिपेस यांच्या हिशेबाने, धोका मान्य पातळीवर आणावयाचा तर खोलीत वावटळीसारखा वारा खेळवावा लागेल. वातानुकूलन हाच ज्यांचा व्यवसाय, त्या अभियंत्यांच्या अमेरिकन संघटनेने, ॲशरेने, २००५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले की, आरोग्याचा धोका खरोखर नाहीसा करण्याचा एकमेव मार्ग म्हणजे इमारतीच्या आत धूम्रपान होऊ न देणे. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी हाच निष्कर्ष काढला. यंत्रे बांधणारेच यंत्राची मर्यादा कबूल करतात. ती विकणारे मात्र कबूल करीत नाहीत.

कल्पना कोणाची?

१९८१ मध्ये जपानचे ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पत्नींनाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे दाखविले, आणि सिगारेट कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ‘ज्याचे व्यसन त्याचे नुकसान’ ही त्यांची ढाल मोडली. १९८८ मध्ये अमेरिकेतील बड्या तंबाखू कंपन्यांनी घरातील हवेच्या संशोधनासाठी एक केंद्र उभारले. हवेतील इतर सर्व प्रदूषकांकडे बोट दाखवून सिगारेटवरील लक्ष उडविणे, हा त्यामागचा डाव होता. कंपन्यांशी झालेल्या १९९८ च्या न्यायालयीन तडजोडीत हे केंद्र बंद करावे लागले. फिलिप मॉरिस कंपनीने हॉटेलचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला हाताशी धरून सहजीवनाची मोहीम चालविली: ओढणाऱ्याने ओढावे, न ओढणाऱ्याने शेजारी बसावे, मधला प्रश्न वायुवीजन सोडवील! कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे पुढे उघड झाली आणि या सौजन्याचे इंगित जगाला कळले. धूम्रपान कक्ष ही आरोग्यशास्त्राची निर्मिती नव्हे. बंदी टाळण्यासाठी मक्तेदार भांडवलाने शोधलेली ती तडजोड आहे.

कायद्यातील पळवाट

मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला. परंतु त्याच्या चौथ्या कलमाला एक परंतुक जोडले गेले: तीस खोल्यांचे हॉटेल, तीस वा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना वेगळा धूम्रपान कक्ष ठेवता येईल. २००८ च्या नियमांनी त्या कक्षाला चार पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार, आतील हवेचा दाब कमी राखण्याची व्यवस्था आणि हवा बाहेर टाकणारी वा ती स्वच्छ करणारी यंत्रणा नेमून दिली. कागदावर सारे चोख! पण दार माणसासाठी आहे आणि माणूस ये-जा करणारच. दार उघडताच त्याच्या मागोमाग धूरही बाहेर येतो.

या पळवाटेतून काय काय शिरले, ते मुंबईने पाहिले. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०११ मध्ये उपाहारगृहांच्या परवान्यात हुक्काबंदीची अट घातली. उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील धूम्रपान कक्षाच्या सवलतीवरच बोट ठेवून ती रद्द केली. धूम्रपान कक्षात कोणतीही सेवा देऊ नये, असा स्पष्ट नियम केंद्राने केला तो २०१७ मध्ये. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, जेथे एके काळी गिरणी कामगारांचे साचे चालत त्या कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जीव गेले आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविले गेले. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने आणि २०१९ मध्ये राजस्थानने हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी घातली. हुक्का गेला, सिगारेटचा कक्ष मात्र कायद्यात शाबूत राहिला.

आत कोण जातो?

कक्षात सेवा नाही, असे नियम म्हणतो. मग तेथील राखपात्रे रिकामी कोण करतो? फरशी कोण पुसतो? काचेवरचा पिवळा थर कोण घासतो? गिऱ्हाईक दहा मिनिटे बसून निघून जाते. सफाई कामगार रोज त्याच खोलीत परततो. २०१६–१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इमारतीच्या आत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या जागी दुसऱ्यांचा धूर सोसावा लागतो, असे आढळले. ‘ज्याला नको त्याने दुसरीकडे बसावे’ हा युक्तिवाद ग्राहकाला लागू पडेल. वाढप्याने कोठे बसावे?

कायद्याचा वर्गभेदही लपत नाही. बसस्थानकावर विडी पेटविणाऱ्या हमालाला २०० रुपयांपर्यंत दंड. मोठ्या हॉटेलातील साहेबाला त्याच कृत्यासाठी वातानुकूलित खोली! हा लढा व्यसनात अडकलेल्या श्रमिकाविरुद्ध नाही. त्याला हवी आहे ती सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीची मदत. विडी कामगारांच्या रोजीची ढालही येथे पुढे करता येणार नाही. त्यांच्या पर्यायी रोजगाराचा प्रश्न खरा व निकडीचा आहे, पण तीस खोल्यांच्या हॉटेलातील काचेच्या खोलीत सोलापूरच्या वा सिन्नरच्या बाईने वळलेली विडी ओढली जात नाही.

आणि सरकार? देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी मालकीच्या आयुर्विमा महामंडळाची मोठी भागीदारी आहे. जनतेच्या आयुष्याचा विमा उतरविणाऱ्या संस्थेने आयुष्य तोडणाऱ्या धंद्यात पैसा गुंतवावा, याविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. हीच सिगारेट कंपनी हॉटेलेही चालवीत आली. जयपूरचे राजपुताना हे त्यांपैकीच एक. २०२५ च्या जानेवारीत हॉटेल व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला, तरी सुमारे ४० टक्के हिस्सा मूळ कंपनीकडेच राहिला. सिगारेट विकणारा आणि खोली देणारा यांचे हितसंबंध असे एकमेकांत गुंतलेले असताना पळवाट बुजविण्याची घाई कोणाला असणार?

भारताने २००४ मध्ये तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर मान्यतेची मोहोर उठविली. त्या कराराच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वायुवीजन, गाळणी व वेगळे कक्ष हे तिन्ही उपाय फोल ठरविले आहेत. तेव्हा मागणी साधी आहे: चौथ्या कलमाचे परंतुक रद्द करा, तोवर धुराच्या खोलीत पाऊल ठेवण्यास नकार देण्याचा हक्क हॉटेल कामगाराला द्या, आणि त्या नकारापायी त्याची नोकरी जाणार नाही याची कायद्याने हमी द्या. यासाठी ना गाळणी लागते, ना कोळसा, ना वीज. राजा पार्कमधील उपाहारगृहात रात्री उशिरा टेबल पुसणाऱ्या पोराला स्वच्छ हवा हवी असेल, तर ती कोणत्याही यंत्रातून येणार नाही. सिगारेट दाराबाहेर राहिली, तरच ती येईल.