साखरेचा हिशेब ज्याचा त्याचा



सक्करदऱ्यात राहणाऱ्याला साखरेचा आजार जडावा, याची माझ्या मित्रमंडळींना मोठी गंमत वाटते. सकाळी तलावाच्या बाजूने आमची चार-सहा निवृत्तांची टोळी फिरायला निघते, तेव्हा पूर्वी व्याजदर आणि महागाई भत्ता यांवर होणारी चर्चा आता भात सोडावा की पोळी सोडावी, यावर होते. गेल्या अंकानंतर काही वाचकांनीही तोच प्रश्न विचारला आहे: कर्बोदके कमी केली, म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘लो-कार्ब’ आहार घेतला, तर मधुमेह आटोक्यात येतो का? उत्तर देण्यापूर्वी माझी एक चूक कबूल करणे मला आवश्यक वाटते.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ आली. पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. स्वतःचा मात्र कधी तपासला नव्हता. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आणि आहार बदलण्यास सांगितले. मी सकाळचे पोहे बंद केले, रात्रीचा भात सोडला, दोन पोळ्यांची एक केली आणि ताटात भाजी, मूग, पनीर वाढवले. आठ महिन्यांत वजन सात किलो उतरले आणि एचबीए१सी ६.३ वर आली. माणसाला यश मिळाले की उपदेशाची हौस येते. मीही त्याला अपवाद ठरलो नाही.

आमचे थोरले बंधू इतवारीत कापडाचे दुकान चालवतात. त्यांचा मधुमेह माझ्यापेक्षा बारा वर्षे जुना. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “दादा, रात्रीची पोळी आणि भात सोडा. माझ्याकडे पाहा.” दादांनी ते मनावर घेतले. गेल्या चातुर्मासात त्यांचा चौविहार नेमाने सुरू होता. सूर्यास्तापूर्वी त्यांनी दुधीची भाजी आणि थोडे पनीर एवढेच घेतले, मात्र ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे पूर्ण घेतली. रात्री साडेआठच्या सुमारास रोजमेळ लिहिताना त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आकडे चुकू लागले. पुतण्याने यंत्रावर साखर पाहिली, ती ४६ होती. त्याने साखरेचे पाणी पुढे केले, तर दादा हातानेच नको म्हणाले. त्यांचा त्याग होता. अखेर वहिनींनी तीन चमचे साखर पाण्यात कालवून पेला त्यांच्या ओठांना लावला आणि म्हणाल्या, “हे औषध आहे. जो काही दोष असेल तो माझा.” पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा साखर दिली. अर्ध्या तासात दादा सावरले.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले ते असे: मी केवळ मेटफॉर्मिनवर होतो. ते एकटे असताना सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडसारखी औषधे मात्र जेवण झाले असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. ताटातली कर्बोदके निम्मी झाली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर कोसळणारच. आहार बदलायचा असेल, तर औषधाची मात्रा त्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. मी दादांना माझा आहार दिला, पण माझ्या आणि त्यांच्या औषधांतला फरक विचारातच घेतला नाही.

वाचकहो, आहाराच्या या चर्चेत आपल्या नागपूरचा वाटा मोठा आहे. अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले कै. डॉ. श्रीकांत जिचकार हे स्वतः वैद्यकातील एम.डी. होते. वारंवार खाण्याने इन्सुलिन वारंवार स्रवते, म्हणून खरी भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखून जेवावे, असे ते व्याख्यानांतून सांगत. २००४ साली कोंढाळीजवळ झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला: दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण, मधे काही नाही आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालणे. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाण्याचा पुरस्कार केला. घराघरांत दोन पक्ष पडले. आमच्या घरी आईने मात्र एवढेच विचारले, “दोनदा जेवायचे म्हणजे आपले बियासणेच ना रे?”

आईचे म्हणणे वरवर पाहता खरे असले, तरी येथे दोन गोष्टींची गल्लत होते. किती वेळा जेवावे हा एक प्रश्न आणि ताटात काय असावे हा दुसरा. बियासण्यात दोन्ही वेळा पुरी, भात आणि श्रीखंड असेल, तर वेळा कमी होऊनही कर्बोदके कमी होत नाहीत. तीच गोष्ट आयंबिलाची. तेथे तूप, तेल, दूध, दही, गूळ, साखर वर्ज्य असल्याने ताटात धान्य आणि कडधान्येच उरतात. ओळीच्या नऊ दिवसांत माझे वजन उतरते, पण भातावर भर दिला तर जेवणानंतरची साखर चढते. मूग आणि चणे यांवर भर दिला तर बरीच आवरते. तप आत्मशुद्धीसाठी करावे. त्याने साखर उतरेलच असे गृहीत धरू नये.

आता ताटाचा हिशेब पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, ज्वारीत सुमारे ६८, गव्हाच्या पिठात ६४, तर हरभऱ्याच्या डाळीत ४७ च्या आसपास. म्हणजे पोळी सोडून दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या, तर शिल्लक फारशी बदलत नाही. मूगडाळीत कर्बोदके आहेत, पण सोबत प्रथिने आणि तंतू आहेत, त्यामुळे ती रक्तात सावकाश उतरतात. बटाटा आपल्याकडे वर्ज्य, हा आपला मोठाच लाभ. पण त्याच्या जागी आपण कच्ची केळी, साबुदाणा आणि मैद्याचे फरसाण आणून बसवतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी ताट सहजच पोळी, भात आणि शेव यांनी भरते. अशा तिथीला मुगाचे धिरडे, बेसनाचे पिठले, पनीर, बदाम असे पर्याय आधीच योजून ठेवावेत.

“आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग हा आजार कसा?” असे अनेक व्यापारी बंधू विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर एका छायाचित्राने दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे चित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त, अशी आपली ठेवण आहे. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्यांनी वजनकाट्यावर विसंबू नये, कमरेचा घेरही मोजावा.

कर्बोदके कमी करण्याला शास्त्राचा आधार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार आपल्याकडे सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याच सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून २०२२ साली अभ्यासकांनी असा अंदाज मांडला की, मधुमेहाला माघारी न्यायचे तर एकूण उष्मांकांपैकी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावा. म्हणजे धान्य पूर्ण सोडण्याची गरज नाही, साधारण तृतीयांश-चतुर्थांश कमी केले तरी फरक पडतो. ब्रिटनमधील एका प्रसिद्ध चाचणीत, २०१७ साली, वजन कटाक्षाने उतरवणाऱ्या रुग्णांपैकी ४६ टक्के एका वर्षानंतर औषधांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली होते. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के उरले. म्हणून याला आजार बरा झाला असे न म्हणता आजार विश्रांती घेतो आहे असे म्हणावे. मुदत ठेव मोडली की व्याज थांबते, तसेच हे आहे.

परंतु एकाचे पथ्य दुसऱ्याला तसेच लागू पडत नाही. इस्रायलमधील संशोधकांनी २०१५ साली आठशे लोकांच्या रक्तातील साखर सतत मोजली, तेव्हा एकाच पदार्थाने कोणाची साखर उसळली तर कोणाची जेमतेम हलली, असे आढळले. माझ्या घरीच पाहा. ज्वारीच्या एका भाकरीने माझी साखर ५५ अंकांनी चढते, सौ.ची केवळ २५. मुगाची खिचडी तिला मानवत नाही, मला चालते. कारण कोणास ठाऊक. पण नोंद खोटे बोलत नाही.

म्हणून आपण व्यापाऱ्यांनी आपलीच विद्या येथे वापरावी. पंधरा दिवस एक वही ठेवा. जेवणापूर्वी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. ताटात काय आणि किती होते, तेही लिहा. एका वेळी एकच बदल करा: आज भात अर्धा, चार दिवसांनी पोळी एक कमी. भाजी आणि डाळ आधी, धान्य शेवटी, असा क्रम ठेवून पाहा. जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला. ही झाली रोजकीर्द. दर तीन महिन्यांनी होणारी एचबीए१सी हा ताळेबंद. रोजकीर्द आणि ताळेबंद जुळले नाहीत, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

काही सावधगिरी मात्र अटळ आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून आहार वा उपवास बदलू नये. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना तर उपवासात वा अतिशय कमी कर्बोदकांवर, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने मनाने वाढवू नयेत. आपण शाकाहारी, त्यातून अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतलेले, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करून घ्यावी. पायाला मुंग्या येणे दर वेळी साखरेमुळेच असते असे नाही.

आता दादांच्या त्यागाविषयी. त्यांच्या मनाला ती रात्र फार लागली होती. आम्ही महाराजसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेणे हा त्यांपैकीच एक आहे. मग म्हणाले, “श्रावकाने जीव धोक्यात घालून नियम पाळण्यापेक्षा, आधी विचारून झेपेल तेवढा नियम घ्यावा.” चौविहार करणाऱ्या प्रत्येक मधुमेही बंधुभगिनीने हे दोन प्रश्न, एक डॉक्टरांना आणि एक गुरुमहाराजांना, चातुर्मासापूर्वीच विचारावेत. साखर ७० च्या खाली गेल्यावर विचारायला वेळ नसतो.

दादांच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. संध्याकाळी ते अर्धी भाकरी घेतात, आणि त्यांची एचबीए१सी ७.१ आहे. माझ्याइतकी नाही, पण त्यांच्या वयाला आणि आजाराच्या मुदतीला ती योग्य असल्याचे डॉक्टर म्हणतात. गल्ल्याच्या कप्प्यात सुट्या नाण्यांशेजारी साखरेची एक पुडी कायम असते, आणि त्यांनी ती पुतण्याला, मुनिमाला आणि शेजारच्या दुकानदारालाही दाखवून ठेवली आहे. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी आपली वही पुढे केली आणि हसून म्हणाले, “घे, तपास. पण सल्ला देऊ नकोस.”

मी तपासली. हिशेब जुळत होता.

जय जिनेंद्र.