सौरपंपाचे जोड आणि आमची बेपर्वाई

ज्या काळी विहिरीवर मोट चालत असे, त्या काळी बैल जुंपण्यापूर्वी नाडा व सोंदूर हाताने चाचपून पाहण्याची आमच्या वाडवडिलांची रीत होती. बैल कितीही जातिवंत असले आणि मोट कितीही नवी असली, तरी नाड्याचा पेड तुटला की सारा खटाटोप विहिरीच्या तळाशी जातो, हे त्यांस अनुभवाने ठाऊक होते. पुढे मोट गेली, तेलाचे इंजिन आले, विजेची मोटर आली आणि आता सूर्यप्रकाशावर चालणारा पंप आमच्या बांधावर येऊन उभा राहिला. परंतु नाडा चाचपण्याची रीत मात्र मोटेबरोबरच नाहीशी झाली, हे आम्हांस खेदाने लिहावे लागत आहे. सौरपंपाचा नाडा म्हणजे पॅनेलास पॅनेल जोडणारे, बोटाएवढ्या लांबीचे, काळ्या प्लास्टिकचे तारांचे जोड होत. मिस्त्री लोक त्यांस कनेक्टर किंवा एमसी फोर म्हणतात. ह्या जोडांविषयी आम्ही शेतकरी जी बेपर्वाई दाखवितो, तिच्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

सन २०१९ मध्ये केंद्र सरकारची कुसुम योजना सुरू झाली, आणि सन २०२४ पासून आपल्या राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना चालू झाली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरावी, आणि जमिनीच्या मानाने तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे. रात्री-अपरात्री पाण्यावर जाण्याचा जाच तीमुळे चुकतो, हा उपकार लहान नव्हे. आम्ही ह्या पंपांचे विरोधक नसून पक्षपाती आहोत, आणि म्हणूनच त्यांतील उणीव झाकून ठेवणे आम्हांस इष्ट वाटत नाही.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. आमचा तीन अश्वशक्तीचा पंप असून त्यास दहा पॅनेलांची एक माळ आहे. सन २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या पावसानंतर वाफसा येताच आम्ही गहू पेरला. पुढे काही दिवस असा चमत्कार दिसू लागला की, सकाळी दव असेपर्यंत पंपाचा कंट्रोलर बिघाडाची खूण दाखवी आणि ऊन तापले म्हणजे पंप आपोआप चालू होई. यंत्र आहे, कुरकुरेल, असे म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र पंप अजिबात बंद पडला. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत गव्हास मुकुटमुळे फुटतात, आणि त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, हे प्रत्येक गहू पिकविणारा जाणतो. नेमक्या त्याच दिवसांत आमची विहीर भरलेली व शेत कोरडे अशी अवस्था झाली. तक्रार नोंदविल्यापासून तेराव्या दिवशी पुरवठादाराचा माणूस आला. त्याने माळेच्या टोकाचा एक जोड उघडून दाखविला. आतील तांब्यावर हिरवा कळंक चढला होता व प्लास्टिक वितळून कोळसा झाले होते. नवा जोड बसविण्यास त्यास पाव तास पुरला. जोडाची किंमत चहाच्या काही पेल्यांएवढी, आणि आमचे नुकसान, आमच्या अंदाजाने, एकरी दोन-तीन पोती गव्हाचे.

हे का घडले, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला व जाणत्यांस विचारले. तो जोड 'वॉटरप्रूफ' नव्हता काय? होता, पिशवीवर तसे ठळक अक्षरांत छापले होते. येथेच सामान्य शेतकऱ्याची फसगत होते. जलरोधकपणा हा पदार्थ तयार पिशवीत मिळतो, अशी आपली समजूत आहे. खरी गोष्ट अशी आहे की, कारखान्यातून फक्त तसा होऊ शकणारा जोड येतो. तो खरोखर जलरोधक होतो तो बसविणाऱ्याच्या हाताने, तुमच्या बांधावर. आमच्या म्हणण्याचे सार एवढेच आहे, आणि पुढील सर्व विवेचन ह्याचाच विस्तार समजावा.

पिशवीवर 'आयपी ६७' किंवा 'आयपी ६८' असा आकडा असतो. त्यातील पहिला अंक धुळीसंबंधी असून सहा म्हणजे धूळ मुळीच आत न जाणारा. दुसरा अंक पाण्यासंबंधी आहे. पाच म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यास टिकणारा, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही कोरडा राहणारा, आणि आठ म्हणजे त्याहून कठीण, कारखानदाराने सांगितलेल्या खोलीस व वेळेस टिकणारा. आमच्या मते उघड्यावरील पॅनेलांस सदुसष्टपेक्षा कमी आकड्याचा जोड घेऊ नये. परंतु हा आकडा जोडाची दोन्ही अंगे एकमेकांत नीट बसलेली असतील तेव्हाच खरा. अर्धवट बसलेला, भलत्याच्याशी जुळविलेला किंवा सैल पेचाचा जोड असेल, तर त्या आकड्यास रद्दीइतकीही किंमत नाही.

आता निवड कशी करावी? पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, जोडाचे नर व मादी हे दोन्ही भाग एकाच कारखानदाराचे व एकाच जातीचे असावेत. 'एमसी फोर' हे नाव मूळचे स्वित्झर्लंडमधील मल्टी-कॉन्टॅक्ट ह्या कारखान्याच्या मालाचे असून, त्यातील चार हा आकडा आतील पिनेच्या चार मिलिमीटर व्यासाचा आहे. पुढे शेकडो कारखाने तसेच दिसणारे जोड काढू लागले आणि दुकानदार सर्वांसच एमसी फोर म्हणू लागले. एकाचे दुसऱ्यात घातले तर 'टक्' असा आवाजही होतो, आणि पाहणारा समाधान पावतो. परंतु पिनेचे माप केसभर कमी-जास्त, वरील मुलामा निराळा, रबरी वायसरची जाडी निराळी, प्लास्टिकचे उन्हात फुगणे निराळे. त्यामुळे बाहेरून एक दिसणारी जोडी आतून कधी एकजीव होत नाही. मूळ कारखानदार स्वतःही परक्या मालाशी आपला जोड जुळविण्यास मान्यता देत नाही. आमच्या शेतात घडले ते हेच. पॅनेलाच्या तारेस कारखान्याचा एक जोड होता, आणि बसविणाऱ्याने तालुक्याच्या बाजारातून दुसऱ्याच छापाचा आणून त्यात घातला होता.

ह्यातून एक उपयुक्त हिशेब निघतो. दहा पॅनेलांच्या माळेत पॅनेला-पॅनेलांमधील नऊ आणि दोन टोकांचे दोन, असे अकरा जोड असतात. सर्व पॅनेल एकाच बनावटीचे असतील तर मधल्या नऊ जोडांची दोन्ही अंगे कारखान्यातूनच जुळती येतात. शेतावर हाताने केले जातात ते फक्त टोकांचे दोन. म्हणजे शेतकऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे ते ह्या दोघांकडेच. त्यांवरील छाप पॅनेलाच्या तारेवरील जोडाच्या छापाशी अक्षर न् अक्षर जुळतो किंवा नाही, एवढे पाहण्यास इंग्रजी विद्येची गरज नाही. दोन डोळे पुरेत.

दुसरा नियम तारेच्या जाडीचा. जोडाच्या मागील पेचात रबराचा वायसर असतो व तो तारेच्या बाहेरील आवरणास आवळून बसतो. जोड पाच ते सहा मिलिमीटर जाडीच्या तारेकरिता असेल आणि तार त्याहून बारीक असेल, तर कितीही पेच आवळला तरी फट राहणारच, आणि पावसाचे पाणी त्या फटीतून तारेच्या कडेकडेने आत शिरणार. तार सौर कामाकरिताच केलेली, दुहेरी आवरणाची आणि कल्हई केलेल्या तांब्याची असावी. पितळेच्या भांड्यास कल्हई नसली म्हणजे ताक कळकते, हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरास कल्हईच्या तांब्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

तिसरा नियम असा की, तार पिनेत बसविताना ती योग्य क्रिंपिंगच्या हत्यारानेच दाबावी. आमच्याकडे साध्या पकडीने, कधी दातानेसुद्धा, हे काम उरकलेले आम्ही पाहिले आहे. नीट दाबलेल्या जोडाचा विद्युत्-अडथळा एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो व त्यात उष्णता नाममात्र होते. तोच अडथळा सैलपणाने वा कळंकाने वाढून ओहमच्या दहाव्या भागाएवढा झाला, तर दहा अँपिअर प्रवाहात त्या चिमुकल्या प्लास्टिकमध्ये दहा वॅटची भट्टी दिवसभर पेटलेली राहते. मग प्लास्टिक वितळले तर नवल ते काय?

येथे एक धोक्याची सूचना अवश्य केली पाहिजे. घरातील वीज सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझण्यास अवसर मिळतो. पॅनेलची वीज एकाच दिशेने अखंड वाहते व तिची ठिणगी ताणली तरी तुटत नाही. दहा पॅनेलांच्या माळेचा दाब साडेतीनशे व्होल्टांच्या आसपास जातो. यास्तव पंप चालू असता जोड ओढून काढण्याचे साहस कोणीही करू नये. आधी कंट्रोलरजवळचे बटण बंद करावे, आणि काम जाणत्या माणसाकडूनच करवावे.

जोड बसल्यानंतरचीही थोडी काळजी आहे. तार आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचा थेंब जोडाकडे न जाता खालच्या वळणावरून गळून पडतो. जोड मातीवर लोळू देऊ नये. तो सांगाड्यास बांधावा. बसविण्याचे काम अर्धवट ठेवून मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर उघड्या टोकांस टोपणे लावल्याखेरीज त्यास जाऊ देऊ नये, कारण एका रात्रीचे दवही पुरेसे असते. पॅनेल धुताना एचटीपी पंपाचा झोत जोडांवर मारू नये. जोडास तेल, ग्रीस किंवा डिझेल चोपडू नये; त्याने प्लास्टिकास तडे जातात. सैल जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नसून अपाय आहे, कारण ती आत गेलेले पाणी आतच कोंडून ठेवते.

ह्यावर काही बंधू म्हणतील की, माल पुरवठादाराचा, निवड त्याची, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमीही त्याचीच; मग आम्ही का डोके शिणवावे? ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु हमीने जोड परत मिळतो, चुकलेली पाण्याची पाळी परत मिळत नाही. शिवाय चालू योजनेत पुरवठादार यादीतून निवडण्याचा अधिकार शेतकऱ्यासच आहे. आमचे आयुष्य महसूल कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेले. तेथे आम्ही एवढे शिकलो की, कागदावर जे आले नाही ते घडलेच नाही असे पुढे ठरते. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर पुष्कळ शेतकरी न वाचता सही करतात, आणि मग जोड कोणी व कोणता बसविला ह्याचा पुरावा उरत नाही. सही करण्यापूर्वी जोडाच्या कारखानदाराचे नाव, त्याचा आयपी आकडा आणि आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगाच्या २०१४ सालच्या ६२८५२ क्रमांकाच्या मानकास तो उतरतो किंवा नाही, हे लिहून मागावे, आणि टोकांच्या दोन जोडांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. जो पुरवठादार हे लिहून देण्यास कांकू करील, त्याच्या मालाविषयी शंका घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

शेवटी आपल्या संस्थेस एक सूचना. खते व बियाणे आपण संस्थेमार्फत घेतो, त्याचप्रमाणे सभासदांच्या पॅनेलांवर जे दोन-तीन छापांचे जोड आढळतात, त्यांचा थोडा साठा आणि क्रिंपिंगचे एक चांगले हत्यार संस्थेच्या गोदामात ठेवावे. गावातील दोन तरुणांस हे काम शिकवून तयार करावे. मात्र हमीच्या मुदतीत पुरवठादारास लेखी कळविल्याशिवाय त्यांनी हात लावू नये. एवढे झाले तर एका बोटभर जोडापायी तेरा दिवस आभाळाकडे पाहत बसण्याचा प्रसंग कोणावर येणार नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सभासद बंधूंनी त्यापूर्वी आपापल्या माळेची दोन टोके एकदा जवळ जाऊन पाहून यावीत, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.