लिनक्स फुकट आहे, पण बिघडल्यावर येणार कोण?

व्यापारी बंधूंनो, १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असेल. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची मोफत देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ घ्यावे म्हटले तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. राबोडीत, मुंब्र्यात किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर गल्ल्यापाशी ठेवलेला संगणक बहुधा त्याहून जुना आणि सेकंडहँड घेतलेला असतो. मशीन धडधाकट आहे, पण दाराचे कुलूप जुने झाले आणि नवे कुलूप त्या दाराला बसत नाही, अशी ही अवस्था आहे.

अशा वेळी घरातला एखादा शिकलेला भाचा म्हणतो, "मामू, लिनक्स टाका, फुकट आहे." भाचा खोटे बोलत नाही. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम आज जगभरच्या मोठ्या सर्व्हरांवर चालते. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही तेच आहे. त्याला परवान्याचा खर्च नाही, जुने मशीन त्यावर बरे चालते आणि चोरीची कॉपी टाकण्याची पाळी येत नाही. (दुसऱ्याचा माल न विचारता उचललेला आपल्याला दुकानात खपत नाही, मग संगणकात कसा खपतो, हे मला कधीच कळलेले नाही.) पण भाचा नोकरीला पुण्याला गेला की पुढे काय?

माझाच अनुभव सांगतो. माझे खिळे, कडी-कोयंडे, बिजागऱ्यांचे दुकान आहे. मशीनवर लिनक्स टाकून घेतले होते, काही वर्षे कसलीही तक्रार नव्हती. एके दिवशी मशीन सुरू होईना. भाचा परगावी. शेजारच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने हार्डडिस्क काढून आपल्या विंडोजच्या संगणकाला जोडली. लिनक्सच्या पद्धतीने मांडलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. ते सरळ विचारते, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? त्या मुलाने "हो" दाबले, वर विंडोज टाकले आणि संध्याकाळी मशीन चकाचक करून दिले. तीन वर्षांची उधारीची वही त्यात होती. वेगळी प्रत मी ठेवली नव्हती, ही चूक माझी. ज्या गिऱ्हाइकांनी स्वतःहून आकडा सांगितला त्यांचेच पैसे आले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या शंभरातला एखादाच लिनक्सचा. त्या एकासाठी तो का शिकेल? "अल्पसंख्य" या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. थोड्या घरांच्या वस्तीत त्यांच्या गरजेचे दुकान टाकायला सहसा कोणी पुढे येत नाही. दुकान हवे असेल तर त्या थोड्या घरांनी मिळून त्याला गिऱ्हाइकीची हमी द्यावी लागते.

फुकटच्या मालावर धंदा कसा व्हायचा, असे कोणी विचारेल. इथे एक गैरसमज आहे. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ साली आपल्या ईमॅक्स या प्रोग्रामच्या टेप १५० डॉलरला विकत असत. मुक्त म्हणजे उघडून पाहण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक. मेहनतीचे दाम घेऊ नये असे त्यात कुठेही नाही. १९८९ साली अमेरिकेत सिग्नस सपोर्ट नावाची कंपनी निघाली ती केवळ अशा सॉफ्टवेअरच्या देखभालीचे पैसे घेण्यासाठीच. १९९३ मध्ये सुरू झालेल्या रेड हॅटने वार्षिक वर्गणीवर लिनक्सची सेवा विकली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. फार दूर कशाला, मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर खुले ठेवते आणि कमाई ते चालवून देण्यातून व सेवेतून करते.

मात्र या मोठ्या कंपन्या बँकांच्या आणि कारखान्यांच्या दारात जातात. वागळे इस्टेटमधला दोन मशीनचा कारागीर किंवा डोंबिवलीचा छोटा छपाईवाला त्यांच्या हिशेबात बसत नाही. ही जागा आपल्याच मुलांसाठी मोकळी आहे.

डोळे झाकून सगळ्यांनी लिनक्सकडे जावे असे मी म्हणणार नाही. ज्यांचे सगळे खाते टॅलीत आहे, जे लग्नपत्रिका कोरलड्रॉवर करतात, ज्यांच्या उर्दू मजकुराच्या फाइली इनपेजमध्ये आहेत, त्यांनी निदान एक विंडोजचे मशीन परवान्यासह ठेवावे. ही तिन्ही विंडोजसाठी बनलेली आहेत. (कोरलने २००० साली कोरलड्रॉची लिनक्स आवृत्ती काढली होती, पुढे तो नाद सोडला.) प्रिंटरचेही तसेच. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे दुकानोदुकानी दिसतो, पण लिनक्सवर त्याला चालवणे जिकिरीचे आहे. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना तशी अडचण येत नाही. जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सअॅप हे सारे ब्राउझरमध्येच चालते. पत्रे आणि कोष्टकांना लिब्रेऑफिस पुरते. संगणकावरच्या भरतकामाच्या मशीनसाठी इंकस्केपला जोडून चालणारे इंक-स्टिच आहे, ते डीएसटी फाइल काढून देते. मशीन बदलण्यापूर्वी आपला कोणता व्यवहार कशावर चालतो हे जो विचारतो तोच खरा कारागीर. नुसता पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

आता व्यवहाराचे बोलू. समजा एका बाजारातली ३० दुकाने एकत्र आली. दुकानामागे दोन मशीन, मशीनमागे महिना २५० रुपये, म्हणजे महिन्याला १५,००० रुपये झाले. त्यात एका हुन्नरी तरुणाची बांधलेली मिळकत होते, बाकीचा वेळ तो इतर दुरुस्ती करू शकतो. पण करार कागदावर हवा. फोन केल्यावर किती तासांत येणार ते त्यात लिहावे. दर आठवड्याला हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर निघाली पाहिजे आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून दाखवली पाहिजे. न उघडता ठेवलेली प्रत म्हणजे न मोजता घेतलेली थप्पी. पासवर्ड मालकाकडेच राहावा. उबुंटूची दीर्घ मुदतीचीच आवृत्ती टाकावी; एप्रिल २०२४ मध्ये निघालेल्या २४.०४ ला पाच वर्षांची मोफत देखभाल आहे. आणि शिकवायची तर दोन मुले शिकवावी. एक गावाला गेला तर दुसरा हजर हवा, नाहीतर पुन्हा भाच्याचीच कथा.

शिकण्यासाठी फी भरायची गरज नाही. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मोफत मिळतात, मराठी आणि हिंदीतूनही. बारावी होऊन मोबाइलच्या दुकानात स्क्रीन बदलणारी कितीतरी चलाख मुले कल्याण-मुंब्र्यात आहेत. त्यांना पहिल्या सहा महिन्यांच्या गिऱ्हाइकीची हमी कोणी दिली पाहिजे, एवढेच अडले आहे. कल्याणात अशी २९ दुकाने तयार होत असतील तर तिसावे माझे समजावे.