पाकिटातले खाणे आणि खचलेले मन

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटते तेव्हा खाणावळीची चूल पेटायची असते. टपरी मात्र उघडी असते. चहासोबत क्रीमचे बिस्किट, दोरीला टांगलेल्या माळेतून ओढलेला पाच रुपयांचा पुडा, वर एखादे एनर्जी ड्रिंक. कारेगावात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला खोलीत शेगडी ठेवता येत नाही, म्हणून ड्युटीवर जातानाही तेच. तिकडे दौंड जंक्शनवर, कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत पाळ्या बदलतात तशा जेवणाच्या वेळाही बदलतात.

अशा खाण्याचा नैराश्याशी संबंध आहे का? आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये मांडलेल्या खाद्यपदार्थांच्या 'नोव्हा' वर्गीकरणात केवळ प्रक्रिया हा दोष नाही. केडगावच्या गुऱ्हाळातला गूळ हीही प्रक्रियाच, आणि गाड्यावरचा वडापाव तेलकट असला तरी 'अतिप्रक्रियाकृत' गटात आपोआप बसत नाही. मूळ धान्य ओळखू येणार नाही इतके मोडून त्यात कृत्रिम स्वाद, रंग, इमल्सिफायर घालून कारखान्यात जुळवलेला पदार्थ तो अतिप्रक्रियाकृत. त्यातले काही रांजणगावातच तयार होतात, हेही सांगायला हवे.

२०२३ मध्ये अमेरिकेतील ३१ हजारांहून अधिक परिचारिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असे पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्या गटात नैराश्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४९ टक्के जास्त आढळला. कृत्रिम गोडी आणणारे घटक आणि तशी पेये यांचा संबंध विशेष ठळक होता. मन आधीच खचलेले म्हणून माणूस पाकिटाकडे वळतो, असे तर नसेल? संशोधकांनी चार वर्षांचे अंतर ठेवून पुन्हा हिशेब केला, तरी चित्र फारसे बदलले नाही. पण त्या परिचारिका बहुतांश गोऱ्या, मध्यमवयीन स्त्रिया; आणि निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. २०१७ चा ऑस्ट्रेलियातला 'स्माइल्स' प्रयोग त्यापुढे गेला. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांचा आहार १२ आठवडे सुधारला. त्यातले सुमारे एक तृतीयांश लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटात जेमतेम आठ टक्के. प्रयोग छोटा होता आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते.

आपल्याकडे या निष्कर्षांचा उलटाच वापर होण्याची भीती अधिक. 'काहीबाही खातोस म्हणून असं होतं' हे वाक्य घराघरात तयारच असते. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला बाजरीच्या भाकरीचे गुण ऐकवणे म्हणजे आजाराचे खापर त्याच्याच माथी फोडणे. त्याला डॉक्टर हवा, निदान 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हवा. आहार ही उपचाराला जोड, पर्याय नव्हे.

शिवाय मोडलेली झोप, एकटेपणा, कंत्राटी नोकरीची टांगती तलवार आणि पुड्यावर भागवलेली भूक या गोष्टी एकाच आयुष्यात एकत्र नांदतात. त्यातले नेमके काय मनाला किती पोखरते, हे वेगळे काढणे कठीण. पण बदलायला सोपे काय, हे दिसते आहे: कामाच्या जागी मिळणारे जेवण. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद होती. ते कॅन्टीन पहाटे चार वाजता काय वाढते, कंत्राटी कामगाराला तिथे तोच दर लागतो का, आणि शेजारच्या व्हेंडिंग मशीनची कमाई कोणाकडे जाते, हे कामगार संघटनांनी करारात विचारायला हवे. पगारवाढीच्या बोलण्यात डाळ-भाकरीचा मुद्दा आला तर त्याला किरकोळ म्हणून हसू नये.