जमिनीची नोटीस दारात येण्याआधी

जैनथ भागातल्या शेतकऱ्यांनो, माय-बहिणींनो,

महाराष्ट्र आणि तेलंगणाचा २०१६ मध्ये करार झाला आणि पैनगंगेवर कोरट्याजवळ चनाका-कोरटा बॅरेज उभा राहिला. पाणी आपल्याला हवंच आहे. पण कालव्याला जमीन लागते, रस्त्याला लागते, कारखान्याला तर जास्तच लागते. शिवारात मोजणीवाले दिसले की घाबरू नका. गाफीलही राहू नका.

आधी घरातलं काम उरका. अनेक घरांत पट्टा अजून आजोबांच्याच नावावर असतो. मोबदला निघतो तो कागदावरच्या नावाने. मग भाऊ-भाऊ कोर्टात जातात आणि पैसा तिथेच अडकून पडतो. म्हणून वारसाची नोंद आत्ताच करून घ्या. त्यात बहिणींची नावं गाळू नका. २०२५ मध्ये जमिनीच्या नोंदींच्या ‘धरणी’ पोर्टलच्या जागी ‘भूभारती’ आलं आहे. तिथे तुमचा सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे पासबुकाशी जुळतात का, ते पाहा.

सरकारी कागद तेलुगूत येतो आणि आपले म्हातारे मराठीत वाढलेले. वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला सांगा. मग आदिलाबादच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात पहिली अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला ६० दिवस असतात. तोंडी बोललेलं फायलीत राहत नाही. हरकत लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, सागाची झाडं, गोठा, सगळं त्यात लिहा. फोटो काढून ठेवा. झाड मोजणीत सुटलं की त्याचे पैसेही सुटतात.

संपादनाआधी तीन वर्षं दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी आणि तिथेच मजुरीवर पोट असणाऱ्यांनीही आपलं नाव द्यावं. कायदा त्यांनाही बाधित धरतो.

सगळ्यात जपून राहायचं ते सहीच्या वेळी. संमतीच्या करारावर सही केली की पुढे वाढीव मोबदला मागणं फार अवघड जातं. मोबदल्याच्या निवाड्याची रक्कम कमी वाटली, तर ‘हरकत राखून घेत आहे’ असं लिहूनच ती घ्या. मुकाट्याने घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्क जातो. ही एक ओळ लिहायची राहिली म्हणून माणसं आयुष्यभर हळहळतात.

आता रागाबद्दल. राग येणं चूक नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या दिलावरपूरच्या लोकांनी इथेनॉल कारखान्याविरुद्ध रस्ता अडवला आणि काम थांबलं. पण त्याच महिन्यात विकाराबाद जिल्ह्यातल्या लगचर्लाकडे पाहा. भूसंपादनाच्या सुनावणीला आलेल्या कलेक्टरांवर जमाव धावून गेला. महिना संपायच्या आत सरकारने जमीन घेण्याची ती अधिसूचना मागे घेतली. तरीही गावातली पोरं कित्येक आठवडे तुरुंगात होती, आणि औद्योगिक पार्कच्या नावाने नवी अधिसूचनाही लगेच निघाली.

तेव्हा सभेला सगळे मिळून जा. बायकांनीही यावं. म्हाताऱ्यांनी पुढे बसावं, तरुणांनी मागे. प्रत्येकाच्या हातात अर्जाची प्रत असू द्या. आणि कुणी दगड उचलला, तर शेजारी उभे असलेले तुम्ही त्याचा हात धरा.