काणीचा पट्टा आणि छातीची गाठ



ऊस विकास विभागाने बेणे, खत, पाणी यांवर बोलावे, दवाखान्याच्या गोष्टी कशाला, असे काहीजण म्हणतील. पण केनवड भागात लागणीच्या नोंदी घेताना एक गोष्ट कानावर येते. बायामाणसं आमच्याजवळ कशाला बोलतील, घरधनीच अवघडून सांगतो, "छातीत गाठ हाये म्हणते, पण दुखत नाही. तोडणी होऊ द्या, मंग पाहू." स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. फसगत होते ती इथेच.

दुसरी भीती, "गेलं की सारंच कापतात." पूर्वी स्तन आणि खालचे स्नायूसुद्धा काढीत, हे खरे. परंतु गाठ लहान असताना गाठीपुरते कापून नंतर किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते, हे इटली व अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाहणीतून २००२ साली सिद्ध झाले. मात्र गाठ लहान असताना!

आता आपल्या मुंबईचे ऐका. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत १६०० महिलांवर प्रयोग केला. शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचे, म्हणजे दाताचा डॉक्टर बधिर करायला देतो तेच. कापताना पेशी हलून पसरू नयेत, ही कल्पना. काणीचे बेट उपटण्याआधी आपण पट्ट्यावर पिशवी चढवतो, तसलेच हे. पाच वर्षांनी हयात महिलांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. निष्कर्ष २०२२ साली पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत! महागडे औषध असते तर त्याची जाहिरात घरोघर पोचली असती, असे आम्हांस वाटते.

टाटाचीच दुसरी पाहणी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख महिलांवर झाली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढील महिलांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण गाठ हाताला लागली तर वय न बघता डॉक्टर गाठावा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. एक दिवस मशीन आणून, फोटो काढून, हारतुरे घालून होणारी शिबिरे पुरेत. कारखान्याने गटवार दोन-दोन सेविकांना शिकवून घ्यावे, दर दोन वर्षांनी तपासणी करावी आणि गाठ निघाली तर नागपूर-मुंबईला नेण्याची सोय करावी. शस्त्रक्रिया व केमोथेरपी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. अडते ते जाण्या-येण्यावर आणि सोबतीला कोण, यावर. टोळ्यांतल्या तोडणीवाल्या बायाही यात घ्याव्यात. त्या सभासद नाहीत हे कारण चालणार नाही.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा. सूचक व अनुमोदक महिला सभासद असाव्यात. अर्जाचा मसुदा आम्ही गट कार्यालयात ठेवला आहे.