चोकर कोणाला म्हणता?

आपल्या हॉस्टेलमध्ये माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही. पहिल्या सबमिशनला जर्नल रूमवर विसरलास, झालास ‘गजनी’. दोन केट्या लागल्या, झालास ‘गॉन केस’. आणि एकदा नाव पडलं की पडलं. केटी सुटते, नाव सुटत नाही!

गेल्या वर्षी इंटरकॉलेज बास्केटबॉलच्या सेमीफायनलला आपण एका पॉइंटने मागे होतो. शेवटचे काही सेकंद, आणि आपल्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. टाकणारा माझा रूम पार्टनर. परतीच्या बसमध्ये कोणीतरी म्हणालं, “चोकर!” सगळी बस हसली. ते ‘कोणीतरी’ म्हणजे मीच होतो. यावर्षी टीमसाठी नावं मागवली तेव्हा त्याने नाव दिलं नाही. विचारलं तर म्हणाला, “पीएलचा अभ्यास आहे रे.” पीएलला तेव्हा तीन महिने होते.

घरी गेल्यावर हे सगळं आईला सांगत होतो. ‘चोकर’ला मराठीत काय म्हणतात ते माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला सापडेना. आई म्हणाली, “ऐनवेळी कच खाणारा.” आणि मग म्हणाली, “पण एकदा कच खाल्ली म्हणून कोणी कायमचा कच खाणारा होतो का रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर मला एका जर्मन माणसाच्या करिअरमध्ये मिळालं. म्हणून हा लेख.

डर्क नोवित्स्की. जन्म १९७८, गाव जर्मनीतलं व्ह्यूर्त्सबुर्ग. वडील हँडबॉलवाले, आई बास्केटबॉलवाली. हा पठ्ठ्या आधी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा. उंची वाढत वाढत सात फुटांपर्यंत गेली आणि तो बास्केटबॉलकडे वळला. शाळकरी वयात त्याला होल्गर गेश्विंडनर नावाचा माणूस भेटला. हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून खेळलेला, आणि शिक्षणाने गणित-फिजिक्सवाला. म्हणजे आपल्यातलाच म्हणा ना! त्याने डर्कला सरळ विचारलं की तुला जर्मनीतला चांगला खेळाडू व्हायचंय की जगातल्या सर्वोत्तम लोकांशी खेळायचंय? पहिलं हवं असेल तर काही बदलायची गरज नाही. दुसरं हवं असेल तर आजपासून रोज घाम गाळावा लागेल. पोराने विचार केला आणि दुसरं निवडलं.

इथे जरा आपल्या कामाचा भाग. बास्केटबॉलच्या रिंगचा व्यास साधारण ४५.७ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू बरोबर वरून आला तर त्याला पूर्ण रिंग मिळते. तिरका आला तर रिंग त्याच्यासाठी लंबगोल होते आणि मिळणारी जागा व्यास गुणिले साइन थीटा एवढीच उरते. ४५ अंशांनी आला तर साधारण ३२ सेंटिमीटर, ६० अंशांनी आला तर जवळजवळ ४० सेंटिमीटर. ३० अंशांनी आला तर २३ सेंटिमीटरहून कमी, म्हणजे सरळ आत जाणं शक्यच नाही! मग सगळेच उंच का मारत नाहीत? कारण उंच मारायला जोर जास्त लागतो, आणि जोर वाढला की हातावरचा ताबा सुटायला लागतो. म्हणजे हा ऑप्टिमायझेशनचा प्रॉब्लेम झाला. गेश्विंडनरने डर्कची उंची आणि हाताची लांबी धरून हे गणित मांडलं आणि त्याचा शॉट त्यावर बेतला. त्या शॉटवर २०१४ साली ‘द परफेक्ट शॉट’ या अर्थाच्या नावाची जर्मन डॉक्युमेंटरीसुद्धा निघाली. एम-थ्रीचा आयुष्यात काय उपयोग असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

१९९८ मध्ये अमेरिकेत ज्युनिअर खेळाडूंच्या एका सामन्यात या अनोळखी पोराने ३३ पॉइंट मारले, आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर निवड होऊन तो डॅलस मॅव्हरिक्सकडे आला. पिक्चर इथे संपायला हवा होता. पण पहिल्या सीझनला सरासरी फक्त ८.२ पॉइंट. डिफेन्स कच्चा, अंग काटकुळं. युरोपियन म्हणजे ‘सॉफ्ट’ हा शिक्का तिकडे तयारच होता, तो याच्या कपाळावर बसला. परत जर्मनीला जावं असं त्याच्याही मनात आलं होतं. गेला नाही. दुसऱ्या वर्षी सरासरी १७.५. २००२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जर्मनीला ब्राँझ मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला.

आणि मग आलं २००६. फायनलमध्ये मायामीविरुद्ध डॅलस २-० पुढे. तिसऱ्या मॅचला साडेसहा मिनिटं उरली असताना १३ पॉइंटची आघाडी. ती आघाडी वितळली. शेवटच्या काही सेकंदांत डॅलस दोन पॉइंटने मागे, आणि डर्कला दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसरा हुकला! पूर्ण करिअरमध्ये शंभरातले जवळपास ८८ फ्री थ्रो आत टाकणारा हा माणूस, आणि हुकला तो नेमका तेव्हा. त्यानंतर डॅलस एकही मॅच जिंकलं नाही. २-० वरून ४-२ ने हार.

पुढच्या वर्षी तर कहर. २००६-०७ ला डॅलसने ८२ पैकी ६७ मॅच जिंकल्या आणि पहिल्याच राउंडला आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटकडून बाहेर. शेवटच्या मॅचला डर्कचे १३ पैकी २ शॉट आत, एकूण ८ पॉइंट. बाहेर आल्यावर त्याने रागाने काहीतरी भिरकावलं आणि त्या स्टेडियमच्या भिंतीला भोक पडलं. ते भोक त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवलं आणि पुढे कधीतरी डर्कने त्यावर सहीसुद्धा केली! गंमत म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एमव्हीपीचा किताब त्यालाच मिळाला, तोसुद्धा टीम बाहेर पडल्यावर. युरोपमधून आलेला पहिला एमव्हीपी, आणि चेहरा असा की जणू शोकसभेला आलाय.

आता कल्पना करा, २००७ मध्ये हा माणूस आपल्या हॉस्टेलवर राहत असता. मी पैजेवर सांगतो, त्याचं नाव ‘चोकर’च पडलं असतं. आणि आपण ते पुराव्यानिशी सिद्ध केलं असतं. दोन वर्षं, दोन पुरावे, केस क्लोज.

त्याने काय केलं? गेश्विंडनरबरोबर काही आठवडे ऑस्ट्रेलियात भटकून आला, आणि पुन्हा तोच शॉट, तीच प्रॅक्टिस. २०१० मध्ये दुसऱ्या टीमकडे जायची संधी होती, तो डॅलसलाच थांबला. आणि २०११ ला पुन्हा फायनल, पुन्हा मायामी. यावेळी मायामीकडे लेब्रॉन, वेड आणि बॉश तिघेही. पहिल्याच मॅचला डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन तुटला. दुसऱ्या मॅचला डॅलस सात मिनिटं उरली असताना १५ पॉइंटने मागे. तिथून ते ९५-९३ ने जिंकले, आणि शेवटचा निर्णायक बास्केट डर्कने मारला तो त्याच पट्टी बांधलेल्या डाव्या हाताने! चौथी मॅच तो १०१ ताप असताना खेळला, तीही जिंकली. सहाव्या मॅचला पहिल्या हाफमध्ये १२ पैकी एकच शॉट आत. पण यावेळी टीम उभी राहिली. जेसन टेरीने २७ मारले, दुसऱ्या हाफमध्ये डर्कचा हात बसला, आणि १२ जून २०११ ला डॅलस १०५-९५ ने चॅम्पियन. वेळ पूर्ण संपायच्या आतच डर्क ड्रेसिंग रूमकडे पळाला. रडायला.

आता माझा मुद्दा. कोणी म्हणेल, तो जिंकला म्हणून तू त्याची गोष्ट सांगतोयस. बरोबर आहे. पण समजा टेरीचे शॉट त्या रात्री हुकले असते तर? डर्क तोच असता, शॉट तोच असता, इतक्या वर्षांचा घाम तोच असता, आणि आपण आजही त्याला चोकर म्हणत असतो. म्हणजे ‘चोकर’ हा शब्द त्या माणसाबद्दल फार काही सांगतच नाही. लॅबमध्ये दोन रीडिंग घेऊन कर्व्ह काढला तर सर जर्नल फेकून देतात. माणसाच्या बाबतीत मात्र आपण दोन रीडिंगवर लाइन मारतो आणि वर सहीपण करतो.

दुसरा आक्षेप आमच्या विंगमध्येच निघाला. एकाच टीममध्ये २१ सीझन काढले, २०१४ ला इतरांच्या मोठ्या ऑफर सोडून कमी पैशात डॅलसला राहिला, हे सगळं कोट्यधीश माणसाला परवडतं, आपल्याला पॅकेज बघावंच लागतं. कबूल. शिवाय निष्ठा एकतर्फीही असते. ज्या डॅलसने २०२२ मध्ये स्टेडियमबाहेर डर्कचा पुतळा उभारला, त्याच डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिचला एका रात्रीत लेकर्सकडे देऊन टाकलं. म्हणून एकाच कंपनीत चिकटून बसा असं मी सांगत नाहीये. मला डर्कची निष्ठा टीमपेक्षा त्या अर्धवट राहिलेल्या प्रॉब्लेमशी वाटते. जिथे हुकलं तिथेच, सगळ्यांसमोर, तो पुन्हा येऊन उभा राहिला.

पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, आणि त्या त्याच्याकडे होत्या. एक म्हणजे हुकल्यावरही बरोबर राहणारा गेश्विंडनर. दुसरी म्हणजे पुन्हा मैदानावर येऊ देणारी माणसं. २००७ नंतरही डॅलसने बॉल त्याच्याच हातात दिला. आपल्याकडे काय होतं? वायडी लागलेला मुलगा मेसमध्ये आला की टेबलावर शांतता होते. मग तो उशिरा जेवायला यायला लागतो. मग येतच नाही. आणि आपण म्हणतो, बघ, म्हटलं नव्हतं का गॉन केस आहे!

डर्क २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३१,५६० पॉइंट होते, तोपर्यंतच्या यादीत सहावा नंबर. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षी जर्मनी पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झालं, तो टीममध्ये नसताना. त्या हुकलेल्या एका फ्री थ्रोची आठवण आज कोण काढतं? मी काढली, तीसुद्धा कौतुकासाठी.

सिनिअर्सना आणि सरांना एक विनंती. प्रत्येक विंगमध्ये एखादा तरी हुकलेला असतो. त्याला लेक्चर देऊ नका, फक्त बरोबर बसा. एम-थ्रीचं एखादं गणित सोडवा, नाहीतर कोर्टवर त्याचे रिबाउंड गोळा करून द्या.

सुरुवात मी करतो. पार्टनर, बसमधला तो शब्द माझा होता. चुकलं माझं. हे रूमवर तोंडावर बोलायला हवं होतं, पण तिथे मीच कच खाल्ली! रोज संध्याकाळी साडेपाचला मी मागच्या कोर्टवर असेन. तू फ्री थ्रो टाक, बॉल मी आणून देतो. हुकले तरी.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी